फोटोखालची ओळ

जयश्रीला जिन्यात मारलं तेव्हा चांगलं उजाडलेलं होतं. सकाळचे साडेसहा. सुरतच्या भेस्तान भागातल्या आवासात, म्हणजे सरकारी वसाहतीत, नऊ नंबर बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून ती हातात डबा घेऊन खाली उतरत होती. साड्यांना टिकल्या लावायच्या कारखान्यात तिची सातची पाळी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टोपी घातलेला एक माणूस उभा होता. त्यानं तिच्या गळ्यातली पोत ओढली. पोत तुटेना, तेव्हा त्यानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं लोखंडी कठड्यावर आपटलं. चार वेळा. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या बायकांना वाटलं, वर कोणीतरी गादी झटकतंय.

चौदा टाके पडले, पुढचा एक दात गेला. समोरच्या औषधाच्या दुकानावरच्या कॅमेऱ्यात त्या माणसाचं एक चित्र सापडलं, पण त्यात होतं काय? टोपी, अर्धी हनुवटी आणि निळा शर्ट. तेवढ्यावर पोलीस काय शोधणार? त्यांनी नोंद घेतली आणि गेले.

आवास मात्र पेटला. लूमवर काम करणाऱ्या गड्यांनी कारखान्यातले लोखंडी पाइप आणून गेटापाशी ठेवले आणि पाळी सुटली की तिथेच बसू लागले. पहिल्याच आठवड्यात एक चादरवाला सापडला. त्याचं गाठोडं सोडलं, त्याच्याच चादरीत त्याला गुंडाळला आणि तुडवला. चार दिवसांनी बहिणीचं घर शोधत आलेला एक माणूस असाच घेरला गेला. बहीण धावत येऊन ओरडेपर्यंत त्याचा कोपर मोडून झाला होता. दोघांपैकी कोणी तक्रार केली नाही, म्हणून आवासाला वाटलं की यात वावगं काही झालंच नाही.

त्या दुसऱ्या माणसाचं ओरडणं उज्ज्वलानं ऐकलं होतं. ती नऊ नंबरातच, पहिल्या मजल्यावर राहायची. तिनं खिडकी लावून घेतली आणि चंचलला, आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, म्हणाली, "मोठ्यानं वाच गं धडा."

उज्ज्वला बडगुजर तेव्हा तेहेतीस वर्षांची होती. माहेर शिंदखेड्याकडचं, शिक्षण दहावीपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी योगराजशी लग्न होऊन सुरतला आली ती इथलीच झाली. योगराज उधन्याला लूमवर होता, बारा-बारा तासांच्या पाळ्या. ती रिंग रोडवरच्या कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला जायची. हात भराभर चालायचा, नजर त्याहून तेज. दुकानाच्या शेठनं एकदा तिला साड्यांचे फोटो काढायला बसवलं, मग ते फोटो कॉम्प्युटरवर चढवायला. दुकानाचं वेब पेज ज्यानं बनवलं होतं तो माणूस एके दिवशी पडद्यावर काहीतरी दाबून मागचा कोड उघडून बसला होता, आणि उज्ज्वला घडीची साडी हातात धरून तशीच उभी राहिली. एवढं रंगीत पान, आणि त्याच्या मागे नुसती अक्षरं! कुठली साडी डावीकडे बसायची, कुठली उजवीकडे, हे सगळं त्या अक्षरांनी ठरायचं. तिला ते साडीच्या घडीसारखंच वाटलं. कुठे दुमडायचं ते कळलं की झालं.

तिनं उधन्यातल्या एका क्लासात नाव घातलं. दुपारी दोन ते चार, तीन महिने. बाकीची पोरं अठरा-एकोणीसची. ती तिला 'आंटी' म्हणायची आणि शिकवणारे सर गुजराती-हिंदीत भराभर बोलून पुढे जायचे. उज्ज्वला वहीत लिहून घ्यायची. अर्धं कळायचं, अर्धं घरी येऊन पुन्हा पुन्हा करून बघायची. योगराज हसायचा. "कॉम्प्युटरवाली बाई व्हई गयी तू ते," असं अहिराणीत म्हणायचा. पण शेजाऱ्यांपुढे अभिमानानं सांगायचा. चौदा वर्षांत त्यानं तिच्यावर हात उगारला नव्हता. हे ती मैत्रिणींना सांगायची, आणि मैत्रिणी विषय बदलायच्या.

आवास मंडळाचे सेक्रेटरी बन्सीलाल तिच्या दारात आले ते जयश्रीच्या घटनेनंतर पंधरवड्यानं. मिलमधून निवृत्त झालेला, सगळ्यात पुढे असणारा माणूस.

"उज्ज्वलाताई, ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज येतात, कामाचं सगळं वाहून जातं. तू एक पान बनव. लिंक दाबली की आवासाची माहिती समोर."

तिला हुरूप आला. आपल्या हातचं पहिलं पान, आणि तेही साडेतीनशे घरं बघणार. बन्सीलालनी दोन गोष्टी आधी मागितल्या. पहिली, त्या टोपीवाल्याचं कॅमेऱ्यातलं चित्र आणि त्याखाली सूचना. दुसरी, नव्या पंपवाल्याचा फोटो आणि नंबर. जुना पंपवाला गावी निघून गेला होता आणि त्याच्या जागी नवापूरकडचा मगन नावाचा माणूस येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. पंपाशेजारच्या खोलीत तो आणि त्याची बायको धुरपदाबाई राहायचे. त्याला कोणी ओळखत नव्हतं. नळ कोरडा पडला की लोक अजून जुन्याच नावानं हाका मारायचे.

उज्ज्वला स्वतः त्याचा फोटो काढायला गेली. पन्नाशीचा, हाडकुळा माणूस. त्यानं केसांना पाणी लावलं, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"हासू का, बाई?"

"हासा ना, मगनभाऊ."

त्याला जमलं नाही. ओठ घट्ट मिटून, भुवया चढवून तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला. फोटोत माणूस चांगलाच कडक दिसला.

पान तिनं टेबल करून, म्हणजे चौकटींचा तक्ता आखून मांडलं, तिला तेवढंच येत होतं. वरच्या ओळीत दोन फोटो: डावीकडे टोपीवाला, उजवीकडे मगन. खालच्या ओळीत दोन मजकूर: डावीकडे सूचना, उजवीकडे मगनचं नाव आणि नंबर. सूचनेत तिनं लिहिलं होतं, 'दिसल्यास पोलिसांना कळवा.' बन्सीलालनी ते खोडायला लावलं आणि सांगितलं ते लिहून घेतलं: 'हाच तो माणूस. दिसला तर सोडू नका.'

क्लासातल्या कॉम्प्युटरवर पान छान दिसलं. तिच्या मोबाईलवर मात्र उजवी बाजू कापली जायची, मगन अर्धाच दिसायचा. तिनं शोधून कुठून तरी चार ओळी उचलल्या आणि आपल्या कोडमध्ये चिकटवल्या. आता लहान पडद्यावर सगळं एकाखाली एक येऊ लागलं, काही कापलं जाईना. तिनं बोटानं पान सरकवून पाहिलं. टोपीवाल्याचा फोटो. त्याखाली मगनचा फोटो. त्याखाली सूचना. त्याखाली मगनचा नंबर.

काहीतरी टोचलं. फोटो एकीकडे आणि त्याचं लिखाण भलतीकडे, असं नको होतं. पण ते सोडवायचं कसं ते तिला येईना. तिनं पडद्याचं चित्र काढून शिकणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकलं आणि हिंदीत विचारलं, मोबाईलवर फोटो आणि मजकूर वेगळे पडतात, काय करू? पहिलं उत्तर हसणाऱ्या चेहऱ्यांचं आलं. दुसरं असं: 'दीदी, आजकल टेबल से लेआउट कौन बनाता है? पहले बेसिक तो सीख लो.' क्लासच्या सरांना फोन केला तर ते म्हणाले, "कल क्लास में देखते हैं."

ती थांबलीच असती. पण संध्याकाळी साडेपाचला बन्सीलाल पुन्हा दारात.

"अजून लिंक नाही?"

"भाऊ, फोनवर नीट बसत नाहीये. उद्या सरांना दाखवते अन् मग..."

"फोटो दिसतो?"

"दिसतो."

"अक्षर दिसतं?"

"हो, पण..."

"मग झालं तर! पोरी घराबाहेर पडायला घाबरतात, आणि तू वर का खाली करत बसलीस?"

उज्ज्वलानं लिंक ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत चाळीस जणांनी अंगठे दाखवले. तिला बरंही वाटलं, हे तिनं पुढे कधी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंचल शाळेत गेली होती. साडेआठचा सुमार. रात्रपाळी करून आलेला योगराज गेटापाशी चहा पीत थांबला होता. तिथल्या आठ-दहा जणांनी पान उघडलं होतं आणि एकमेकांना दाखवत होते. सगळ्यांच्या हातात मोबाईल, कॉम्प्युटर कोणाकडेच नाही. टोपीवाल्याचं धूसर चित्र वर सरकलं की खाली एक स्वच्छ, कडक चेहरा यायचा, आणि त्या चेहऱ्याला चिकटून लिहिलेलं: 'हाच तो माणूस. दिसला तर सोडू नका.' मगनचा नंबर त्याच्याही खाली होता. तिथपर्यंत कोणी गेलंच नाही.

त्याच वेळी मगन नऊ नंबरच्या जिन्यानं वर निघाला. गच्चीवरची टाकी भरत आली होती आणि व्हॉल्व्ह बंद करायचा होता. हातात व्हॉल्व्हची चावी, म्हणजे हातभर लांब लोखंडी सळई. अंगात निळा शर्ट.

"अरे, तो बघ! त्याच जिन्यात!"

"यही है! यही है!"

उज्ज्वला मोरीपाशी भांडी घासत होती. जिन्यात धपधप पाय वाजले, मग कोणीतरी गडगडत खाली आल्याचा आवाज झाला आणि मागोमाग एक किंकाळी. ती राखेच्या हातानं बाहेर आली. तोवर त्यांनी मगनला पायाला धरून दुसऱ्या मजल्यावरून खाली ओढत नेलं होतं. प्रत्येक पायरीवर रक्त होतं.

अंगणात पंचवीस-तीस माणसांचं कडं पडलं होतं. आत कोण आहे ते तिला आधी कळेना. चेहरा राहिलाच नव्हता, नुसता लाल चिखल. कोणी कमरेत लाथा घालत होतं, कोणी पट्टा काढून मारत होतं. सात नंबरमधला एक म्हातारा, ज्याला धड उभं राहता येत नव्हतं, तोही काठीनं टोचत होता. "मारो सालाने!" कोणीतरी ओरडलं. मग एकानं केसाला धरून ते डोकं वर केलं, दुसऱ्यानं त्या चेहऱ्याशेजारी मोबाईल धरला आणि म्हणाला, "जुळतो रे! हाच!"

मोबाईलमध्ये तिचं पान होतं.

उज्ज्वलाला सगळं एकदम दिसलं. वरचा फोटो, खालची ओळ. ती ओरडत सुटली, "तो नाही! अहो तो पंपवाला आहे! सोडा त्याला!" पण बाईमाणसाचा आवाज त्या गोंगाटात कुठे पोचतो? ती खांदे ढकलत, कोपर खात आत घुसली. आत पोचली तेव्हा व्हॉल्व्हची चावी योगराजच्या हातात होती.

त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि मगनच्या गुडघ्यावर आणली. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. उज्ज्वलानं नवऱ्याचा चेहरा पाहिला. या माणसाच्या ताटात ती चौदा वर्षं वाढत आली होती, पण हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. डोळे भलतीकडे, तोंडाला फेस.

ती मगनवर आडवी पडली. त्याच क्षणी कोणाचा तरी पाइप उतरला आणि तिच्या उजव्या हाताचं मनगटामागचं हाड तुटलं.

"दूर व्हय!" योगराज गरजला. "दूर व्हय, उज्ज्वला!"

"चंचलना पप्पा, हाऊ तो नही शे! पंपवाला शे हाऊ!"

"तुना पानवर लिखेल शे!"

"मनं पान चुकेल शे!" ती किंचाळली. "मनं पान चुकेल शे! मनं पान चुकेल शे!"

योगराजचे हात थांबले. बाकीच्यांचे लगेच थांबले नाहीत. त्यानंतरही दोन लाथा बसल्या, एक मगनच्या कानावर, एक तिच्या पाठीत. मग कोणीतरी मागून म्हणालं, "अरे, ही तर आपली उज्ज्वला," आणि कडं सैल पडलं. माणसं पाइप पायाशी टाकून निघाली, कोणी पळालं नाही, जो तो काही काम आठवल्यासारखा चालायला लागला. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. पाणी भिंतीवरून अंगणात उतरलं होतं आणि मगनच्या पाठीखालून लाल होऊन गटाराकडे चाललं होतं. त्याचे ओठ हलले. उज्ज्वलानं कान लावला.

"वाल्व बंद करा, बाई," तो म्हणाला. "पानी वाया जाई र्‍हायनं."

सरकारी दवाखान्यात मगनला आत घेतलं आणि उज्ज्वलाच्या हाताला तात्पुरती पट्टी बांधून तिला बाहेर बाकावर बसवलं. तिथे तिनं डाव्या हातानं मोबाईल काढला आणि पुन्हा हबकली. 'पकडला, पकडला' म्हणून तिच्या पानाची लिंक आवासातून बाहेर पडली होती. उधन्याचे ग्रुप, पांडेसऱ्याचे ग्रुप. प्रत्येक ठिकाणी वर मगनचा चेहरा, खाली ती ओळ. एकानं तर विचारलंही होतं, 'कौन से अस्पताल में है? ज़िंदा कैसे छोड़ा?' आणि दुसऱ्यानं दवाखान्याचं नाव सांगितलं होतं.

पान काढायचं होतं. पण क्लासातल्या कॉम्प्युटरवर चार पायऱ्या करून चढवलेलं पान मोबाईलवरून, डाव्या हातानं, कसं काढायचं? तिनं दोनदा चुकीचा पासवर्ड टाकला. तेवढ्यात शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर तिच्या कालच्या प्रश्नाला एक नवं उत्तर आलं, मराठीत.

'ताई, तुमचं नाव मराठी दिसलं म्हणून मराठीत लिहिते. कालचं चित्र आत्ता पाहिलं. दुसऱ्या माणसाच्या फोटोखाली पहिल्याची सूचना येतेय. हे पान लगेच बंद करा, कोणाचा तरी जीव जाईल. काही अडलं तर फोन करा.' खाली नंबर होता. नाव प्रियांका.

उज्ज्वलानं फोन लावला आणि पहिल्यांदा नुसती रडली. पलीकडच्या बाईनं तिला रडू दिलं नाही.

"ताई, रडणं नंतर. कुठे आहात?"

"दवाखान्यात. त्याला मारलं हो त्यांनी. माझ्या पानामुळे..."

"जिवंत आहे?"

"आहे."

"मग मी सांगते तसं करा. पासवर्ड वहीत लिहिला होता का? आठवा. मोठं अक्षर कुठलं होतं?"

नागपूरला राहणारी प्रियांका बारा वर्षं हेच काम करत होती. तिचा आवाज एका पट्टीत चालला होता, शेजारी बसून भाजी निवडावी तसा. तिसऱ्या खेपेला पासवर्ड लागला. "आता पानाच्या फाईलचं नाव बदला. काहीही टाका. बस, आता ते कोणालाच उघडणार नाही." मग म्हणाली, "नुसतं बंद करून भागणार नाही, ताई. लोक लिंक दाबतील, रिकामं दिसेल, आणि त्यांच्याकडे जुनी चित्रं तर असतीलच. त्याच लिंकवर दुसरं पान ठेवूया. एक फोटो, खाली एक मजकूर. टेबल नको. दोन्ही एका डब्यात घालायचं. पडदा लहान असो नाहीतर मोठा, डब्यातलं डब्यातच राहतं. मी ओळी पाठवते, तुम्ही फक्त मजकूर भरा."

उज्ज्वलानं एकेक अक्षर दाबत लिहिलं: 'हे मगनभाऊ, आपल्या आवासाचे पंपवाले. यांनी काहीही केलेलं नाही. माझ्या पानावर यांच्या फोटोखाली चुकीची ओळ आली. ते दवाखान्यात आहेत. उज्ज्वला बडगुजर, बिल्डिंग नऊ.'

हे होतंय तोवर धुरपदाबाई आली. कोणीतरी तिला भाजीबाजारातून रिक्षात घालून आणलं होतं. ती दारातून नवऱ्याला बघून आली, उज्ज्वलासमोर उभी राहिली आणि विचारलं, "फोटो तूच काढा व्हता ना?"

"हो, काकी."

धुरपदाबाईनं तिच्या कानशिलात लगावली. दुसरीही लगावली. उज्ज्वलानं तोंड बाजूला केलं नाही. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तिला तो पेलवेना, तशी ती तिथेच फरशीवर बसली.

अकराच्या पुढे चार तरुण वॉर्डाच्या दाराशी आले. आवासातले नव्हते. एकाच्या शर्टाच्या आत काहीतरी कडक होतं, चालताना पोटाला टोचत होतं. त्यानं मोबाईल पुढे करून वॉर्डबॉयला विचारलं, "ये आदमी किधर है?"

वॉर्डबॉयनं आत बोट दाखवायच्या आधी उज्ज्वला दारात आडवी उभी राहिली. "लिंक फिर से खोलो," ती म्हणाली.

"हट."

"एक बार खोलो. वो पेज मेरा है. मैंने बनाया है."

त्या मुलानं तिच्याकडे पाहिलं, गळ्यात अडकवलेला हात, गालावरचे ताजे वळ. त्यानं लिंक दाबली. मगनचा तोच कडक चेहरा आला आणि त्याच्याखाली नवा मजकूर. त्यानं वाचला, शेजारच्याला दाखवला. शेजारचा म्हणाला, "चल ना यार." तरी पहिला हलेना.

तेव्हा मागून जयश्री आली. डोक्यावर टाक्यांच्या खुणा अजून ताज्या, आईचा हात धरलेला. बातमी ऐकून ती त्या दिवसानंतर पहिल्यांदाच जिना उतरली होती. ती थेट मगनच्या खाटेपाशी गेली, वाकून बघितलं आणि परत आली.

"हा नव्हे," ती म्हणाली. "त्याला मी जवळून पाहिलाय. मी सांगितलं असतं ना. मला कोणी विचारलंच नाही."

ते चौघे गेले. दारापाशी एक पानाची पिचकारी तेवढी टाकून गेले.

मगन वाचला. पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, काढावी लागली, डाव्या कानानं ऐकू येणं गेलं, गुडघा कायमचा ताठ झाला. पंपाचं काम सुटलं, कारण जिने चढता येईनात.

पोलीस आले तेव्हा बन्सीलाल म्हणाले, "मी फक्त माहिती दिली. टाकलं तिनं." उज्ज्वलानं ते नाकारलं नाही. शब्द कोणाचे, पान कोणाचं, लिंक कोणी टाकली, सगळं सांगितलं. फोन त्यांच्या ताब्यात दिला. मग साहेबांनी विचारलं, मारणाऱ्यांपैकी कोणाकोणाला पाहिलं? तिनं नऊ नावं सांगितली. आठवं नाव सांगून झाल्यावर तिनं पाणी मागितलं आणि मग नववं सांगितलं.

"ये आपके कौन?" लिहिता लिहिता हवालदारानं विचारलं, कारण आडनाव तेच होतं.

"नवरा."

योगराज दोन महिन्यांनी जामिनावर सुटून घरी आला. जेवला. हात धुऊन आला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मनं नाव तू सांगं?"

"हो."

"पोरगीसाठी मारं मी त्याले. तुनंच पान वाचीसन मारं."

"माहीत शे माले," उज्ज्वला म्हणाली. "तरी सांगं."

चौदा वर्षांत न उठलेला हात त्या दिवशी उठला. प्लास्टर काढून आठच दिवस झालेल्या हातावर त्यानं तांब्या मारला, मग भिंतीशी दाबून गळा धरला. चंचल मध्ये पडली तेव्हा सोडला. सोडल्यावर तो स्वतःच्या पंज्यांकडे बघत खाली बसला आणि ढसाढसा रडला. उज्ज्वलाला त्याची कीव आली. कीव आली, म्हणूनच तिनं आणखी उशीर केला नाही. चंचलची शाळेची वह्या-पुस्तकं आणि दोन जोडी कपडे घेऊन ती दुपारीच निघाली.

आता ती उधन्याला एका खोलीत राहते. क्लास पूर्ण केला. सुरुवातीला प्रियांकानं छोटी कामं पाठवली, मग मार्केटातल्या व्यापाऱ्यांची येऊ लागली. पान झालं की ती ते चार वेगवेगळ्या फोनवर उघडून बघते, त्यातला एक शेजारणीचा काच फुटलेला जुना फोन. व्यापारी कंटाळतात. ती त्यांना थांबायला सांगते. महिन्यातून एकदा भेस्तानला मगनच्या नव्या खोलीवर जाते. धुरपदाबाई दार उघडते, बोलत नाही, पण चहा ठेवते. मगन उजवा कान पुढे करून बसतो आणि विचारतो, टाकीची आता कोण काळजी घेतं?

मागच्या पावसाळ्यात खटला उभा राहिला. आरोपींच्या वकिलानं तिला पिंजऱ्यात दीड तास उभं केलं.

"पान तुम्हीच बनवलं?"

"हो."

"त्या फोटोखाली ती ओळ तुमच्यामुळेच आली?"

"हो."

"ते वाचूनच या लोकांचा गैरसमज झाला. मग जे घडलं त्याला जबाबदार कोण?"

उज्ज्वलानं समोर पाहिलं. नऊ जण एका बाकावर बसले होते. योगराज शेवटचा, मान खाली घालून, दाढी पांढरी झालेली.

"ओळ चुकली ती माझी चूक," ती म्हणाली. "त्याची शिक्षा द्या, मी घेईन. पण ओळीनं त्याचा गुडघा नाही फोडला, साहेब. यांनी फोडला."

लिहून घेणाऱ्यानं ते लिहून घेतलं. वकिलानं आणखी काही विचारलं, मग पुढची तारीख पडली. बाहेर ऊन होतं. रिक्षाला हात करताना तिच्या लक्षात आलं की मोडलेला हात वर होताना अजून दुखतो. उधन्याला एक लेसचा व्यापारी तिची वाट बघत बसला होता. त्याच्या पानावरच्या किनारी मोबाईलवर वाकड्या येत होत्या, आणि त्याला काही केल्या कळत नव्हतं का ते.